‘कर्ज’ असलेली मेल गाळणीतून निसटायची, त्याचा उलगडा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली माझी स्पॅम-गाळणी (नको असलेली मेल अडवणारा प्रोग्रॅम) इंग्रजी मेल बरोबर पकडायची, पण ‘तात्काळ कर्ज’वाली मेल रोज सकाळी इनबॉक्समध्ये हजर. दोन रात्री नुसती शब्दांची यादी वाढवत बसलो. शेवटी विषयाची ओळ जशी येते तशीच छापून पाहिली आणि पाणी कुठे मुरतंय ते कळलं: सुरुवातीला बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-8 (अक्षरं साठवायच्या पद्धतीचं नाव), पुढे अगम्य रोमन अक्षरं. ‘कर्ज’ त्यात कुठेच नव्हतं! हेडर, म्हणजे मेलच्या वरच्या विषय-प्रेषक वगैरे ओळी, मुळात आस्कीपुरतेच (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं), म्हणून देवनागरी विषय सहसा बेस64 मध्ये (कुठलाही मजकूर रोमन अक्षरं-आकड्यांत लिहायची पद्धत) गुंडाळून येतो; 1996 च्या आरएफसी 2047 या इंटरनेट-मानकानुसार एक तुकडा फार तर 75 अक्षरांचा. पायथनच्या डीकोड_हेडर आणि मेक_हेडर या तयार फंक्शन्सनी तुकडे उलगडून जोडले, मग शब्द शोधला.

पकडलेली मेल मात्र डिलीट करत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. पहिल्याच दिवशी त्यात ताईच्या गृहकर्जाची मेल सापडली.