एव्हन, लीए आणि आपलं ‘जरा’

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये सहा वर्षं काढून डेन्मार्कला, ऑर्हुसला आलो. डच येतंय म्हणजे डॅनिशचं अर्धं काम झालं, असं तेव्हा वाटत होतं. कागदावर तसं दिसतंही. डच घर ‘हौस’, डॅनिश घर ‘हूस’. पण डॅनिश माणूस बोलायला लागला की निम्मी अक्षरं गिळतो. घाबरून मी प्रत्येक डच वाक्य आधी मनात इंग्रजीत नेत असे आणि तिथून डॅनिशमध्ये. पुढे या दोन भाषांमधली अनुवादाची छोटी कामं घ्यायला लागलो, तेव्हा ही सवय महागात पडली.

डच माणूस मदत मागताना मध्ये ‘एव्हन’ टाकतो: ‘कन ये एव्हन हेल्पन?’ इंग्रजीत त्याला नेमका शब्द सापडेना, म्हणून मी तो सरळ गाळायचो. एका डॅनिश सहकाऱ्याने सांगितलं, तुझी विनंती हुकमासारखी वाटते. तिथे ‘लीए’ हवा होता: ‘कॅ दू लीए येल्पे?’ हे दोन्ही आपल्या ‘जरा’चे सख्खे भाऊ! ‘जरा मदत करतोस का’ यातला ‘जरा’ काढून बघा, काय होतं ते.

‘आल्स्तूब्लीफ्त’चं दुखणं वेगळं. डचमध्ये काही मागताना हाच शब्द आणि हातात देतानाही हाच. डॅनिशमध्ये ‘प्लीज’सारखा एक ठरलेला शब्दच नाही. मागताना शेवटी ‘ताक’ लावायचं, म्हणजे आभार: ‘एन काफे, ताक’. (पहिले काही महिने कॉफीबरोबर ताक कशाला, असं मनात यायचंच.) देताना मात्र ‘वेअर्स्गो’. म्हणून वाक्य हातात आलं की मी आधी बघतो, कोण कोणाला काय देतंय.

जेवणाची वाक्यं तर शब्दाला शब्द ठेवून जमतच नाहीत. डच लोक सुरुवातीला ‘एट स्माकलक’ म्हणतात, अगदी आपल्या ‘सावकाश होऊ द्या’च्या जागी. डॅनिश घरात महत्त्वाचं वाक्य जेवण संपल्यावर येतं: ‘ताक फॉर मॅद’, जेवणाबद्दल आभार. यजमान उत्तर देतो ‘व्हेलबेकॉमे’. ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणणाऱ्या आजोबांच्या पंक्तीत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्यात मोठा फटका आकड्यांनी दिला. एका गिऱ्हाइकाने फोनवर दर सांगितला ‘हाल्फ्येअर्स’, मी टिपले ५०. होते ७०. डच आकडे मराठीच्या चालीने जातात, पंचावन्नसारखे आधी पाच, मग पन्नास. डॅनिशही तसेच, फक्त ५० ते ९० हे दशक विसाच्या हिशेबात आहेत. ‘हाल्ट्रेस’ म्हणजे अर्धा-तिसरा वीस, म्हणजे अडीच विसा, ५०. ६० म्हणजे तीन विसा, ७० साडेतीन, ८० चार, ९० साडेचार. इंग्रजीतून शिकताना डोकं फिरलं होतं. अडीच आणि साडे ज्याच्या जिभेवर आहेत त्याला एका संध्याकाळचं काम. घड्याळात मात्र उलटा सापळा आहे. डच ‘हाल्फ आख्त’ आणि डॅनिश ‘हॅल ऑटे’, दोन्हींत आठचा आकडा ऐकू येतो, पण वेळ साडेसातची. पहिल्या मुलाखतीला निघण्यापूर्वी हे घोकाच.

आदरार्थीकडे लक्ष ठेवा. डचमध्ये ‘ऊ’ आणि ‘ये’, आपल्या तुम्ही-तूसारखे. डेन्मार्कमध्ये डॉक्टर, साहेब, शेजारच्या आजी, सगळ्यांना ‘दू’. डचमधून येताना आदर गळतो, त्याला इलाज नाही. उलट दिशेने ‘ऊ’ की ‘ये’ हे तुम्हालाच ठरवावं लागतं. भाषांतराची यंत्रं तिथे सर्रास चुकतात.

बाकी किरकोळ गंमती: डॅनिश ‘बिल’ म्हणजे मोटार, डच ‘बिल’ म्हणजे ढुंगण. डॅनिश ‘मो’ कधी परवानगी देतो, कधी सक्ती करतो. डचमध्ये ‘माख’ आणि ‘मूट’ वेगळे. उच्चारासाठी ‘डेन डान्स्के ऑर्डबो’ हा मोफत ऑनलाइन कोश उघडा ठेवा, त्यात आवाज ऐकता येतो.

एक वाक्य मला अजून छळतं. काही दिवसांपूर्वी भेटलेला माणूस पुन्हा भेटला की डॅनिश लोक म्हणतात ‘ताक फॉर सिस्त’, मागच्या वेळेबद्दल आभार. डचमध्ये मी त्याचं ‘परवा छान रंगलं होतं’ असं काहीतरी करतो. गिऱ्हाइकाने अजून तरी परत पाठवलेलं नाही.