काळजी कमी करायला जाता आणि ती वाढतेच? या चुका टाळा

डोंबिवलीला फास्ट लोकलमध्ये कशीबशी घुसायचं, एक पाय टेकायला जागा मिळवायची, आणि गाडीनं दिवा ओलांडलं की पोटात गोळा यायचा: गॅस बंद केला होता का? घरात सासूबाई असायच्या, म्हणजे घर काही वाऱ्यावर सोडलेलं नसायचं. तरी फोन जायचाच. "आई, गॅस बघता का जरा?" त्या दुखरा गुडघा सांभाळत उठायच्या. "बंद आहे गं. कालही बंदच होता." ठाण्यापर्यंत बरं वाटायचं. घाटकोपर आलं की नवी शंका: त्यांनी रेग्युलेटर बघितला असेल की नुसती शेगडी?

माझा स्वभावच काळजीचा, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. पण खरी गडबड त्या फोनमध्ये होती, हे कळायला फार वर्षं गेली. काळजी घालवायला आपण जे उपाय करतो, त्यातले बरेचसे तिला खतपाणी घालणारेच असतात.

चूक: पुन्हा पुन्हा खात्री करणं

नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो वाचला तेव्हा वाटलं, हे माझ्या ओट्यापाशी उभं राहूनच लिहिलंय. त्यांनी लोकांना कॉम्प्युटरवरच्या गॅसच्या शेगड्या लावायला, बंद करायला आणि बंद झाल्यात का ते तपासायला सांगितलं. एका गटानं गॅसच पुन्हा पुन्हा तपासला, दुसऱ्या गटानं मधल्या वेळात दिवे तपासले. शेवटी दोघांनाही गॅसच्या शेवटच्या तपासणीबद्दल विचारलं. गॅसच तपासत बसलेल्यांची उत्तरं फारशी चुकली नाहीत, पण त्यांची आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

कारण साधं आहे. तीच गोष्ट दहाव्यांदा करताना मन तिकडे नीट बघतच नाही. नॉब कुठे वळलेला होता, हाताला गरम लागला का, यातलं काही टिपलं जात नाही. मग आठवायला गेलं की सगळं धूसर, आणि धूसर म्हणून पुन्हा तपासायचं. कुलूप तीन-तीनदा ओढून बघणाऱ्यांचं, 'मेल गेला ना?' म्हणून सेंट फोल्डर उघडत बसणाऱ्यांचंही हेच होतं.

यावर मी एक गंमतशीर उपाय उचलला. जपानमध्ये रेल्वेचे मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्यानं बोलून दाखवतात. मीही ओट्यापाशी बोट दाखवून म्हणायला लागले: "मंगळवार, पोहे झाले, दोन्ही शेगड्या बंद, रेग्युलेटर बंद." वार आणि पदार्थ महत्त्वाचा, त्यामुळे आजची आठवण कालच्या आठवणीत मिसळत नाही. पण हे एकदाच करायचं. दुसऱ्यांदा म्हटलंत की त्याचाही जप होतो.

आणि फोन बंद. पहिला आठवडा वाईट गेला, लपवत नाही. पण ती धास्ती चढत-चढत कुर्ल्यापर्यंत टिकायची आणि मग फोन न करताही उतरायची, हे मला पहिल्यांदाच दिसलं. आजवर तिला उतरायला मी वेळच दिला नव्हता.

घरच्यांनाही यात काम आहे. "बंद आहे गं" हे उत्तर मायेचं असलं तरी ते दुसऱ्या दिवशीचा फोन पक्का करतं. आईंनी नंतर स्वतःच पवित्रा बदलला: "मला काय विचारतेस? सकाळी ओट्याशी बडबडत होतीस ना?"

चूक: 'तो विचारच डोक्यातून काढून टाक'

आपल्याकडे औषधाची जुनी गोष्ट सांगतात. वैद्य म्हणतो, औषध घेताना फक्त माकडाची आठवण काढू नकोस, आणि त्या दिवसापासून पेल्याला हात लावला की माकड हजर! १९८७ साली अमेरिकेतल्या डॅनियल वेग्नर यांनी माकडाच्या जागी पांढरं अस्वल ठेवून हेच तपासलं. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिल्या. पुढे याच लोकांना 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्या लोकांपेक्षा त्यांच्या डोक्यात ते अस्वल जास्त वेळा आलं.

'मनावर घेऊ नकोस' हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी असतो. देणाऱ्याची सुटका होते, एवढाच त्याचा फायदा.

त्यापेक्षा काळजीला वेळ नेमून द्या. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही रीत मांडली: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभरात जी काळजी वर येईल तिला 'संध्याकाळी बघू' म्हणून मागे ठेवायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. मी साडेसातला जेवणाच्या टेबलावर बसते. जवळ बँकेतून फुकट मिळालेली डायरी. दिवसभर एकेक ओळ त्यात टिपून ठेवते. एका दिवसाचं पान असं होतं:

मुलाची फी, १५ तारीख.
आईंचा गुडघा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं का?
साहेब आज बोलले नाहीत.
गॅसचा पाइप कधी बदलला होता?

संध्याकाळपर्यंत साहेबांची ओळ शिळी झाली होती, दुपारी त्यांनीच चहाला हाक मारली. फीसाठी मोबाइलमध्ये गजर लावला. गुडघ्यावर आईंशी बोलायचं ठरलं. आणि पाइपवर छापलेली तारीख बघितली तर ती खरंच उलटून गेली होती! इतकी वर्षं मी नॉबची काळजी केली, पाइपकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

यात हमखास तीन अडचणी येतात. वेळ झाली आणि काही सुचतच नाही: तरी बसा, वेळ मोडू नका, नाहीतर दुपारी 'संध्याकाळी बघू' म्हटलेलं मनाला पटणार नाही. अर्ध्या तासात संपत नाही: गजर वाजला की उठून हाताला काम द्या, मेथी निवडायला घेणं सगळ्यात उत्तम. आणि ही वेळ झोपायच्या तोंडावर ठेवलीत तर पुढची चूक तुमची वाटच बघतेय.

चूक: अंथरुणात पडून उत्तरं शोधणं

रात्री तीन वाजता सुचलेलं उत्तर सकाळी उपयोगी पडलंय, असं माझ्या बाबतीत तरी झालेलं नाही. उलट रोज तिथेच विचार करत पडलं की उशीला डोकं टेकताच विचार सुरू होतात, जशी देवळात शिरल्यावर चप्पल आपोआप निघते. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेली रीत आजही निद्रानाशाच्या उपचारात वापरतात. साधारण वीस मिनिटं झोप आली नाही तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ बघत बसायचं नाही, अंदाज पुरे. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, रविवारीसुद्धा. हा शेवटचा नियम घरात कुणालाच आवडत नाही.

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणंही कामी येतं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या २०१८च्या एका अभ्यासात, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा उरलेली कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. अभ्यास ५७ तरुणांवरचाच, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. पण पाच मिनिटं आणि एक कागद एवढाच खर्च आहे.

चूक: मन मोकळं करण्याच्या नावाखाली तीच कॅसेट

बोलावं, जरूर बोलावं. पण तीच जाऊ, तोच प्रसंग, तेच 'मी म्हटलं, मग ती म्हणाली' मैत्रिणीला चौथ्यांदा ऐकवताना राग निवत नाही, गरम होतो. ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. दोन मिनिटं नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा: दुसऱ्यांदा सांगायला लागले तर विचार, 'मग आता काय करणार आहेस?'

चूक: एक दिवस बुडाला की सगळंच सोडणं

'२१ दिवसांत सवय लागते' हे डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २०१०मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मी गेल्या महिन्यात दोनदा आईंना गॅससाठी फोन केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओट्याशी बोट दाखवून बोलले, झालं.

घरचे उपाय कुठे थांबवावेत

तपासण्यात किंवा नको त्या विचारांत रोज तासाहून जास्त वेळ जात असेल, त्यापायी कामाला जाणं टळत असेल, झोप-भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, तर डायरी बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मंत्रचळ म्हणून घरात ज्याची चेष्टा होते, त्यावर चांगले उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाटही बघू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.