‘फोर्टनाइट’ हा शब्द उलगडावा कसा

जुन्या वळणाचा इंग्रजी शब्द समोर आला की त्यात ओळखीचे तुकडे शोधण्याचा मोह आधी आवरावा, कारण दोन आठवड्यांचा काळ सांगणाऱ्या ‘फोर्टनाइट’मधल्या ‘फोर्ट’चा ना किल्ल्याशी संबंध आहे, ना चाळीस या आकड्याशी. त्याऐवजी तो शब्द बोलता बोलता कुठे झिजला असेल, हे पाहावे. ‘फोर्टीन नाइट’ हे शब्द भराभर चार-पाच वेळा म्हटले की मधला ‘ईन’ आपोआप दबतो. शतकानुशतके लोकांच्या तोंडी हेच घडले आणि ‘चौदा रात्री’ या दोन शब्दांचा एक शब्द झाला. ‘नाइट’ला अनेकवचनाचा ‘स’ का नाही, हा प्रश्न येथे जरूर विचारावा. जुन्या इंग्रजीत ‘रात्र’ या अर्थाच्या शब्दाचे रूप अनेकवचनातही तेच राहत असे, आणि ते व्याकरण या शब्दात आजवर टिकून आहे.

मग त्याची भावंडे शोधावीत. सात रात्रींचा म्हणजे आठवड्याचा ‘सेनाइट’ हा शब्द इंग्रजीत होता. तो आता वापरातून गेला आहे. असे दोन शब्द सापडले की रात्रींवरून काळ मोजण्याची रीतच होती, हे कळते. इंग्रजी ज्यांच्या भाषांतून आली त्या जर्मानिक टोळ्या दिवसांऐवजी रात्री मोजतात, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. अशा शोधात ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश फार उपयोगी पडतो. त्यातली अवतरणे कालक्रमाने दिलेली असल्याने ती सर्वांत जुन्या अवतरणापासून वाचत यावे.

खरी दक्षता लागते ती मराठी प्रतिशब्द देताना. आपण सहज ‘पंधरवडा’ म्हणतो आणि बहुतेक ठिकाणी ते चालतेही, परंतु पंधरवड्यात पंधरा आहेत आणि फोर्टनाइटमध्ये चौदा. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा १४ ते २८ जानेवारी असा पाळतात. दोन्ही टोकांचे दिवस धरून ते पंधरा होतात आणि त्यांच्यामधल्या रात्री मोजल्या तर बरोबर चौदा भरतात. आठवड्यातही सोमवार ते सोमवार मोजताना आठ येतातच. म्हणून तारखेचा प्रश्न असेल, तर वार धरून हिशेब करावा: सोमवारी, १ तारखेला आलेल्या पत्रात फोर्टनाइटची मुदत असेल, तर ती सोमवारी, १५ तारखेला संपते, मंगळवारी १६ ला नव्हे.

पैशाच्या व्यवहारात हा फरक अधिक जाणवतो. ऑस्ट्रेलियात पगार पुष्कळदा फोर्टनाइटने होतो, म्हणजे वर्षात साधारण २६ वेळा; महिन्यातून दोनदा असा अर्थ घेतला तर हिशेबात २४ च येतात. तिथे नव्याने गेलेल्या मराठी माणसाने करारपत्रातल्या या शब्दापुढे ‘दर चौदा दिवसांनी’ असे स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे. अमेरिकेत मात्र हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तिथे सरळ ‘टू वीक्स’ म्हणावे.