शुगर मिनॉटचे श्रवणसत्र घरी कसे भरवावे

सवाई गंधर्व महोत्सवात मांडीवर ताल धरून बसणाऱ्या पुणेकराला रेगे हे जमैकाचे संगीत ऐकवायचे असेल, तर या संगीताचा सर्वांत प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्यापासून सुरुवात करू नये; मार्ली त्याच्या कानावरून कॅफेत कधीतरी गेलेला असतो, आणि ओळखीचे गाणे लागले की माणूस ऐकणे सोडून बोलू लागतो. त्याऐवजी शुगर मिनॉट निवडावा. १९५६ मध्ये किंग्स्टन येथे जन्मलेल्या आणि २०१० मध्ये निधन पावलेल्या या गायकाच्या कारकिर्दीत रेगेचे डान्सहॉल, म्हणजे त्यातूनच निघालेली पुढची नृत्यप्रधान शैली, कसे होत गेले, ते कानाला स्पष्ट कळते.

मोबाइलच्या स्पीकरवर बास उरतच नाही. त्यामुळे मोठा स्पीकर जमिनीलगत, खोलीच्या कोपऱ्यात ठेवावा आणि जवळच्या तिपाईवर पाण्याने भरलेले फुलपात्र ठेवावे; पाण्यावर बारीक तरंग उठले, की आवाज पुरेसा झाला. जुन्या वाड्यात खालच्या बिऱ्हाडाला आधी सांगून ठेवणे शहाणपणाचे.

गाणे लावण्यापूर्वी श्रोत्यांना चार मात्रा मोजायला लावाव्यात. ‘वन ड्रॉप’ नावाच्या ठेक्यात ड्रमचा मुख्य ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो, गिटारचा तुटक आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतो आणि पहिली मात्रा मोकळीच राहते. समेवर दाद देण्याची सवय असलेला हात तिथे हमखास फसतो; फसू द्यावा.

सत्राचा खरा वेळ पुढच्या टप्प्याला द्यावा. ‘आफ्रिकन ब्रदर्स’ या त्रयीतून बाहेर पडल्यावर मिनॉट निर्माते कॉक्सन डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’ या ध्वनिमुद्रण संस्थेत आला आणि तेथील जुन्या ध्वनिमुद्रित साथीवर नवी गाणी रचू लागला; १९७८ चा ‘लिव्ह लव्हिंग’ हा अल्बम त्यातूनच घडला. आपल्या भजनी मंडळात चाल तीच राहून अभंग बदलतो. येथे बास आणि ड्रमची साथ, म्हणजे ‘रिडिम’, तीच राहते आणि चाल व शब्द दोन्ही बदलतात. हे समजावत बसण्यापेक्षा अल्टन एलिस या गायकाचे जुने ‘आयम जस्ट अ गाय’ आणि लगेच मिनॉटचे ‘व्हॅनिटी’ लावावे. दुसऱ्या गाण्याचा बास सुरू होताच कोणीतरी मान वर करतेच.

१९८१ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचलेले ‘गुड थिंग गोइंग’ मात्र यानंतरच लावावे. मी पहिल्या बैठकीत ते आरंभीच लावले आणि सर्वांनी त्याला गोड गळ्याचा एक पॉप गायक समजून चहा मागवला.

शेवटी मिनॉटची ‘यूथ प्रमोशन’ ही संस्था सांगावी. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील नवोदितांना तिने गाण्याची संधी दिली. तिच्यातून पुढे आलेल्या टेनर सॉचे १९८५ चे ‘रिंग द अलार्म’ लावावे, आणि त्याची ‘स्टॅलग’ ही साथ सत्तरच्या दशकातली आहे, हे गाणे संपल्यावरच सांगावे.