निकालाच्या रात्री पेटू नये म्हणून काय करायचं – केनियात जे झालं त्यावरून

२००७ च्या डिसेंबरात मी नोकरीमुळे नैरोबीत होतो, पार्कलँड्सला राहायचो. आमच्या बिल्डिंगचा अस्कारी, म्हणजे वॉचमन, पश्चिमेकडच्या किसुमूचा, लुओ समाजाचा होता. ३० तारखेच्या रात्री तो माझ्याकडे फोन चार्जिंगला लावायला आला आणि स्क्रीन पुढे करून म्हणाला हे वाचा. तीन मेसेज होते, तिन्ही अनोळखी नंबरवरून आलेले, अर्थ एकच, आज रात्री ते तुमच्या घरी येणारेत. ते म्हणजे कोण, कुठून येणार, काहीच नाही. खरं का खोटं विचारायला त्याच्याकडे एकही नंबर नव्हता, माझ्याकडेही नव्हता, आणि टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण सरकारने त्याच दिवशी बंद केलेलं. ती रात्र मी विसरलो नाहीये, म्हणून हे लिहितोय. नव्या लोकशाहीच्या देशात कोणी निरीक्षक म्हणून जाणार असेल, संस्थेत काम करत असेल, पत्रकार असेल, तर त्याला हे उपयोगी पडावं.

आधी काय झालं ते थोडक्यात. २७ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी, किकुयू समाजाचे, विरुद्ध विरोधी पुढारी राईला ओडिंगा, लुओ समाजाचे. सुरुवातीच्या आकड्यांत राईला बरेच पुढे, मग आघाडी घटत घटत गेली आणि ३० ला संध्याकाळी किबाकी साधारण सव्वादोन लाख मतांनी जिंकले असं जाहीर झालं, आणि तासाभरात शपथविधीसुद्धा उरकला. पुढच्या दोनेक महिन्यांत ११०० च्या वर माणसं मेली आणि लाखो लोक घरं सोडून पळाले. १ जानेवारीला एल्डोरेटजवळ किआंबा इथे चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या लोकांसकट चर्च जाळलं, त्यात बायका-पोरंच जास्त होती.

बाहेरचे लोक याला टोळ्यांचं भांडण म्हणतात आणि विषय संपवतात, आणि काम करायला निघालेला माणूस इथेच फसतो. त्यामुळे पहिलं काम, निवडणुकीच्या किमान वर्षभर आधी नकाशा घेऊन बसायचं आणि मागच्या दोन-तीन निवडणुकांत कुठे कुठे मारामारी झाली त्यावर खुणा करायच्या. केनियात बहुपक्षीय निवडणुका परत आल्या १९९२ ला, तेव्हा पश्चिमेकडचा रिफ्ट व्हॅली हा शेतीचा पट्टा पेटला होता, १९९७ च्या वेळी किनाऱ्यावर मोंबासाजवळचं लिकोनी आणि निवडणुकीनंतर परत रिफ्ट व्हॅली, आणि २००७ ला पुन्हा बरीचशी तीच ठिकाणं. कारण तिथलं भांडण मतांचं नाहीच, जमिनीचं आहे. इंग्रजांनी तिथली चांगली जमीन गोऱ्या शेतकऱ्यांसाठी घेतली, १९६३ ला स्वातंत्र्य आल्यावर त्यातली बरीच जमीन बाहेरून आलेल्या, मुख्यतः किकुयू कुटुंबांकडे गेली, काहींनी कंपन्या काढून पैसे भरून रीतसर विकत घेतली, आणि कालेंजिन-मसाई लोकांचं म्हणणं की ही आमच्या बापजाद्यांची. दोघांचंही दुखणं खरं आहे, आणि ते इतकी वर्षं तसंच ठेवलं की दर पाच वर्षांनी कोणीतरी पुढारी येऊन त्यावर काडी लावतो. आपल्याकडे ज्याने बांधावरून भावकीत डोकी फुटताना पाहिलीत त्याला हे वेगळं समजवायला लागणार नाही. तर नकाशावर खूण केल्यावर त्या गावात कोणाची जमीन, कोर्टात काय पडून आहे, दोन्हीकडचे कोण म्हातारे अजून एकमेकांशी बोलतात, हे लिहून ठेवा. ही म्हातारी माणसं फार कामाची.

दुसरं, शब्दांवर लक्ष ठेवा, आणि तेही इंग्रजी पेपरातल्या नाही तर सभेतल्या आणि स्थानिक भाषेतल्या रेडिओवरच्या. रिफ्ट व्हॅलीत ‘मादोआदोआ’ असा स्वाहिली शब्द चालायचा, म्हणजे ठिपके, डाग. बाहेरून येऊन राहिलेला शेजारी म्हणजे डाग, आणि डाग पुसायचा असतो. सभेत एवढंच म्हटलं की बाकीचं ऐकणाऱ्याला कळतं. परक्याला हे ऐकून काहीच वाटणार नाही, म्हणून टीममध्ये त्या भाषेत वाढलेला माणूस पाहिजेच, भाषांतर करणारा नव्हे. कुठला शब्द, कोणी, कुठल्या सभेत, किती तारखेला, एवढं वहीत उतरवा, शक्यतो रेकॉर्डिंगसकट. केनियात नंतर यासाठी कायद्याने आयोग नेमला आणि २०२२ च्या निवडणुकीआधी एका सिनेटरला एल्डोरेटच्या सभेत हाच शब्द वापरला म्हणून अटक झाली. पंधरा वर्षं लागली, पण झाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोजणी आणि मोजणीनंतरची वाट बघणं. माझं ठाम मत आहे की मतदानाच्या दिवशी फार काही होत नाही, लोक पहाटेपासून रांगेत शांत उभे असतात, केनियातही होते. बिघडतं ते मतं मोजल्यापासून निकाल लागेपर्यंत. २००७ ला केंद्रावर मोजणी झाली, आकडे तिथेच कळले, रेडिओवरही आले, आणि मग ते आकडे नैरोबीच्या केआयसीसी हॉलपर्यंत, जिथे देशभरची बेरीज होत होती, येईपर्यंत मधे काय झालं ते कोणालाच नीट दिसलं नाही. काही मतदारसंघांचे अधिकारी फोनच उचलत नव्हते, खुद्द निवडणूक आयोगाचे अध्यक्ष किवुईतू तसं बोलले, आणि निकाल जाहीर केल्यावर काही दिवसांनी तेच म्हणाले की किबाकी जिंकले का ते मला माहीत नाही! पुढे या निवडणुकीच्या चौकशीसाठी नेमलेल्या क्रीगलर आयोगाने सगळं तपासलं आणि सांगितलं की गोंधळ एवढा झालाय की खरा विजेता कोण हे आता सांगताच येणार नाही. म्हणजे माणसं मेली ती अशा प्रश्नावर ज्याचं उत्तर कागदावर उरलंच नव्हतं.

त्यामुळे कागद धरा. आपल्याकडे विधानसभा-लोकसभेला मतदान संपलं की केंद्राध्यक्ष एजंटला १७ सी ची प्रत देतो, ज्यांनी एजंटगिरी केलीय त्यांना त्या कागदाची किंमत माहितीये. केनियात तसा कागद म्हणजे फॉर्म ३४ ए, त्यात तर त्या केंद्रावर कोणाला किती मतं पडली तेच असतं, कारण मोजणीच तिथे होते. तो दारावर लागतो का बघा, एजंटांच्या सह्या आहेत का बघा, फोटो काढा, फोटोत केंद्राचं नाव येऊ द्या आणि आकडा पुसट असेल तर परत काढा. एका केंद्राचा कागद म्हणजे काही नाही, पण हजार केंद्रांचे असले की वरचा आकडा कोणी बदलू शकत नाही, निदान गुपचूप नाही. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्षांची निवडणूकच रद्द केली, आफ्रिकेत पहिल्यांदाच, त्यात निकाल वर पाठवण्यातला गोंधळ हेच मोठं कारण होतं. मग २०२२ ला आयोगाने ४६ हजारांवर केंद्रांचे फॉर्म सरळ वेबसाइटवर टाकले, पेपरवाले, कॉलेजची पोरं, सगळे घरी बसून बेरीज करत होते. विल्यम रुटो ५०.४९ टक्के मतांनी जिंकले, राईला ४८.८५, एवढी घासून, वर सातपैकी चार आयुक्तांनी निकालातून अंग काढून घेतलेलं, तरी २००७ सारखं काही झालं नाही. नुसत्या कागदामुळे नाही, पण तो नसता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

वाट बघण्याच्या काळात आयोगाने गप्प बसायचं नाही हे त्यांच्या डोक्यात आधीच घाला. दर दोन-तीन तासांनी कोणीतरी पुढे येऊन सांगायचं, एवढी केंद्रं आली, एवढी राहिली, अमुक भागातली उशिरा येणारेत कारण रस्ता खराब आहे. कुठल्या पट्ट्यातली मतं शेवटी येणार हे आधीच सांगितलं असेल तर आघाडी घटली म्हणजे चोरी झाली असं लगेच कोणी म्हणत नाही.

आणि अफवेसाठी एक नंबर. आमच्या अस्कारीकडे जो नव्हता तो. मेसेज आला तर कुठे विचारायचं, आणि विचारल्यावर दहा मिनिटांत त्या गल्लीतलाच माणूस सांगेल की इथे काही नाही, किंवा आहे, निघा. त्यासाठी प्रत्येक वस्तीत दोन माणसं, दोन्ही समाजातली, आधीच एकमेकांना ओळखणारी. नंबर कागदावरसुद्धा लिहून ठेवा, कारण तेव्हा रिचार्जची कार्डं दुकानातून संपली होती आणि फोन नुसता खिशात होता. मेसेजच बंद करून टाका असाही विचार तेव्हा सरकारात चालला होता, ते झालं नाही ते बरं झालं, उलट मोबाइल कंपनीने ग्राहकांना शांततेचे मेसेज पाठवले. त्याच जानेवारीत काही केनियन पोरापोरींनी ‘उशाहिदी’ म्हणून वेबसाइट काढली, अर्थ साक्ष, लोकांनी कळवलेल्या घटना नकाशावर दिसायच्या. छान काम होतं, पण लक्षात ठेवा, नकाशावर ठिपका पडतो तेव्हा घटना होऊन गेलेली असते.

पोलिसांकडे दुर्लक्ष करू नका, बरेच लोक करतात. २००७-०८ च्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने मोजलेल्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त गोळी लागून होते, आणि गोळ्या बहुतेक पोलिसांच्याच. २०१७ ला किसुमूत घरात घुसून पोलिसांनी केलेल्या मारहाणीत सहा महिन्यांचं बाळ गेलं. म्हणून कुठल्या ठाण्यात कोण अधिकारी, बाहेरून कुठल्या तुकड्या आणल्यात, गोळीबाराचा हुकूम कोण देणार, हे आधी विचारून लेखी घ्या. डॉक्टर आणि वकील कुठल्या दवाखान्यात, कुठल्या ठाण्यावर हजर राहणार तेही ठरवा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २००७ ला राईलांनी कोर्टात जायला नकार दिला, कारण कोर्टावर विश्वास नाही आणि निकालाला वर्षं लागतील. २०१० च्या राज्यघटनेत मग मुदत घातली, सात दिवसांत अर्ज, चौदा दिवसांत निकाल, तोपर्यंत शपथविधी नाही. शिवाय ४७ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे भाग, केल्या, त्यांना स्वतःचा पैसा, म्हणजे राष्ट्राध्यक्षपद गेलं तरी आपल्या भागात गव्हर्नर आपला असू शकतो, सगळंच जात नाही. जिथे हरणाऱ्याला काहीच उरत नाही तिथे तुम्ही कितीही शांतता फेऱ्या काढा, उपयोग नाही.

शांततेच्या प्रचारातही एक जपा. २०१३ च्या निवडणुकीत ‘शांतता राखा’ एवढं झालं की मतदानाची यंत्रणा बंद पडली त्याबद्दल प्रश्न विचारणारा माणूससुद्धा भडकवणारा वाटायला लागला. तसं होऊ देऊ नका, प्रश्न विचारायला जागा राहिली पाहिजे. आणि त्या वर्षी रिफ्ट व्हॅली शांत राहिली याचं मोठं कारण किकुयूंचे पुढारी उहुरू केन्याटा आणि कालेंजिनांचे पुढारी रुटो, २००७ ला समोरासमोर असलेले, एका तिकिटावर आले हे होतं. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात २००७-०८ च्या हिंसाचारासाठी दोघांवर खटले होते, पुढे एकाचा मागे घेतला, दुसऱ्याचा थांबला, साक्षीदार फिरले. शिक्षा कोणाला झाली नाही.

निवडणूक झाली की बाहेरच्या संस्था बॅगा भरतात. तुम्ही थांबा, निदान वर्षभर जाऊन येऊन राहा. पळालेले लोक नाकुरू, एल्डोरेटच्या शोग्राउंडवर तंबूत होते, सरकारने कुटुंबाला दहा हजार शिलिंग दिले, जळलेल्या घरासाठी पंचवीस हजार, आणि घरी जा म्हटलं. किती जण खरंच गेले, कोणाच्या शेतात आता दुसराच मका काढतोय, जळलेल्या घराचा नुसता चौथरा कुठे पडून आहे, हे जाऊन बघा आणि त्याच पहिल्या नकाशावर लिहा. पुढच्या निवडणुकीचं काम त्या गावांपासून सुरू करायचंय.