मेडिकल लायब्ररीत लागलाय? मग आधी सर्च शिका, सर्टिफिकेटं नंतर (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी)

आपल्याकडं बी.लिब. झालेली पोरं-पोरी भरपूर आहेत, कोण धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटीत शिकलेलं, कोण कोल्हापूरला शिवाजीत, कोण नोकरी सांभाळून इग्नूतून, आणि बेळगावात मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग अशी कॉलेजं किती आहेत ते सांगायला नको, त्यामुळं कुठं ना कुठं मेडिकल लायब्ररीत चिकटायचा चान्स येतोच. चिकटल्यावर मग पहिल्या आठवड्यातच कळतं की आपण शिकलो कॅटलॉगिंग आणि इथं डॉक्टर मागतायत वेगळंच काहीतरी. माझं तेच झालं म्हणून हे लिहितेय.

पावसाळ्याचे दिवस, भात लावणी सुरू, साप चावलेले पेशंट रोज येत होते. एक पीजी डॉक्टर काउंटरवर आला, म्हणाला मॅडम थिसिसला सर्पदंशावरचे पेपर काढून द्या. मी लगेच पबमेड (वैद्यकीय पेपर शोधायची फुकट साइट) उघडलं, स्नेक बाइट असे दोन शब्द अवतरणचिन्हात टाकले, सर्च टायटलपुरता ठेवला, आलं ते प्रिंट काढून ऐटीत हातात दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाइड मॅडमचा फोन, "बस, एवढंच निघालं?" मला घाम फुटला.

चुकलं काय ते नीट बघा, कारण हे कळलं की निम्मं ट्रेनिंग झालंच म्हणा. पबमेडमध्ये शब्द साधे टाकले की ते स्वतः मागच्या मागं डोकं चालवतं, म्हणजे तुम्ही हार्ट अटॅक लिहिलं तर ते मायोकार्डियल इन्फार्क्शनसुद्धा शोधतं. अवतरणचिन्हं टाकली की हे डोकं बंद, तुम्ही लिहिलेली अक्षरंच शोधणार. आणि सर्पदंशाच्या पेपरात अर्धे लोक स्नेकबाइट एकच शब्द लिहितात, काहीजण एन्व्हेनमिंग (म्हणजे विष भिनणं) लिहितात, काहीजण एन्व्हेनमेशन. औषधाचं तर विचारूच नका, आपले डॉक्टर एएसव्ही किंवा अँटी स्नेक व्हेनम म्हणतात, बाहेरचे अँटिव्हेनम, आणि जुन्या अमेरिकन पेपरात अँटिव्हेनिन. एवढे सगळे शब्द मी एका फटक्यात बाहेर ठेवले होते. आता सर्च केल्यावर मी आधी ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन हिस्टरीच्या डिटेल्सवर क्लिक करते, तिथं पबमेडनं माझ्या शब्दांचं काय केलं ते पूर्ण उलगडून दिसतं. तुम्हीही रोज एकदा बघा, फुकटचा मास्तर आहे तो.

मग मेश. हे मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं १९६० पासून चालवलेलं, तीस हजारांच्या वर विषयशब्द आहेत आणि दरवर्षी त्यात बदल होतात. कॉलेजात सीअर्स लिस्ट (पुस्तकांना विषयशब्द देण्याची ठरलेली यादी) शिकलो होतो ना, तीच भानगड, फक्त झाडासारखी फांद्या-फांद्यांची, वरचा शब्द घेतला की खालचे आपोआप येतात. पण नवीन मेश शिकलेला माणूस एक चूक हमखास करतो, सगळा सर्च मेशवरच ठेवतो. आपले बरेच भारतीय जर्नल मेडलाइनमध्ये (पबमेडचा निवडक जर्नलांचा मुख्य भाग) नाहीत, त्यांचे पेपर पबमेड सेंट्रलच्या (पूर्ण पेपर फुकट ठेवणारा साठा) वाटेनं पबमेडमध्ये येतात आणि त्यांना मेश लागलेलाच नसतो. म्हणजे मेशवर विसंबलात तर घरचेच पेपर गाळलेत. म्हणून मेश एका हाताला आणि टायटल-ॲबस्ट्रॅक्टमधले शब्द दुसऱ्या हाताला, दोन्ही ऑरनं (OR, म्हणजे हे किंवा ते) जोडायचे. स्पेलिंगचंही बघा, अॅनिमिया ब्रिटिश पद्धतीनं वेगळं लिहितात, अमेरिकन पद्धतीनं वेगळं, पीडियाट्रिकचं तसंच.

सरावाला आपल्याच भागातला विषय घ्या, माकडताप. शिवमोग्ग्याकडं क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली सापडला, गोचिडीतून पसरतो, पुढं गोवा आणि सिंधुदुर्गातही गेला, म्हणजे आपल्या खानापूरच्या भोवतीच फिरतोय म्हणा. मेशमध्ये तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज नावानं आहे. आधी नुसतं मंकी फीव्हर टाकून किती येतात ते लिहून ठेवा, मग मेश लावून, मग केएफडी हा शॉर्टफॉर्म टाकून, आणि शॉर्टफॉर्मनं मध्येच भलतेसलते पेपर का घुसले ते शोधा. एक तास जातो, पण एवढं कुठल्या वर्कशॉपात कळत नाही.

आता ट्रेनिंग कुठून घ्यायचं. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या साइटवर पबमेडचे छोटे छोटे ट्युटोरियल आहेत, पैसे नाहीत, आधी तेच संपवा. लाइव्ह वेबिनार अमेरिकेच्या वेळेत असतात, म्हणजे आपल्याकडं रात्र, मी तर जेवण आवरून पाठीमागं उशी लावून ऐकते आणि डुलकी लागली तर दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग. सिस्टेमॅटिक रिव्ह्यूचं (एका प्रश्नावरचे सगळे पेपर शोधून तपासायचं) काम कोणी आणून दिलं तर कॉक्रेन हँडबुक ऑनलाइन फुकट आहे, त्यातला चौथा चॅप्टर सर्चिंगचा, तेवढा तरी वाचाच, आणि प्रिझ्मा-एस म्हणून २०२१ ची चेकलिस्ट आहे, सर्च कसा केला ते पेपरात कसं लिहायचं याचे १६ मुद्दे. सर्च पाठवण्याआधी दुसऱ्या लायब्ररियनकडनं एकदा तपासून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

संघटनांचं म्हणाल तर मेडिकल लायब्ररी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, त्यांच्या कन्व्हेन्शनला एकदा तरी जाऊन या, तिथं ओळखी होतात आणि पुढं अडल्या वेळी एखादा पेपर मागायला माणूस मिळतो. अमेरिकेची मेडिकल लायब्ररी असोसिएशन १८९८ ची, त्यांचे कोर्स चांगले पण फी डॉलरमध्ये, आपल्या पगारात पहिल्याच वर्षी त्याच्या मागं लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्गीकरणाचं पटकन सांगते. ड्युईत (आपण कॉलेजात शिकलो ती आकड्यांची वर्गीकरण पद्धत) सगळं वैद्यक ६१० मध्ये कोंबलेलं, हृदयरोग ६१६.१२, आणि आकडे लांबतच जातात. एनएलएम (तीच नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन) क्लासिफिकेशनमध्ये क्यूएस म्हणजे ॲनाटॉमी, क्यूव्ही फार्माकॉलॉजी, डब्ल्यूजी हृदय, डब्ल्यूएस लहान मुलं, डब्ल्यूओ सर्जरी, आठवड्याभरात तोंडपाठ होतं. ऑनलाइन फुकट बघता येतं. तुमच्याकडं ड्युई चालू असेल तर उगाच उलथापालथ करू नका.

जर्नल कुठली मिळतात ते मात्र जॉइन झाल्या झाल्या विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी पैसे भरलेले असतात आणि लायब्ररीतल्याच माणसाला पासवर्ड माहीत नसतो. राजीव गांधी हेल्थ युनिव्हर्सिटीला जोडलेलं कॉलेज असेल तर हेलिनेट (युनिव्हर्सिटीची कॉलेजांना ई-जर्नल देणारी सोय) बघा, २००३ पासून आहे. दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीची ईआरमेड ही तशीच ई-जर्नलांची सोय, ती अजून चालू आहे का ते विचारा. आणि सरकारी संस्था असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना, जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, ३० प्रकाशक आणि सुमारे १३ हजार जर्नल, काम इन्फ्लिबनेट बघतं. प्रायव्हेट कॉलेजवाल्यांना ते नाही, त्यांनी अनपेवॉल (पेपरची फुकट कायदेशीर प्रत शोधून देणारं) ब्राउझरला लावा, पबमेड सेंट्रल बघा, आणि तरी नाही मिळालं तर सरळ लेखकाला मेल टाका, बहुतेकजण दोन दिवसात पाठवतात. चोरून डाउनलोड करून देणाऱ्या साइटची लिंक काउंटरवरनं देऊ नका, कॉलेजचं नाव जातं.

पेपर देताना तो मागं घेतलेला नाही ना ते बघायची सवय लावा. लस आणि ऑटिझमचा तो लॅन्सेटमधला पेपर १९९८ चा, मागं घेतला २०१० ला, मधल्या बारा वर्षांत किती जणांनी तो खरा धरला असेल विचार करा. पबमेडमध्ये वरतीच तसं लिहिलेलं असतं आणि झोटेरो (रेफरन्स सांभाळायचं फुकट सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ते लाल पट्टी दाखवतं. (झोटेरो शिकाच, थिसिसच्या सीझनला विद्यार्थी देव मानतात.) हल्ली पोरं एआय चॅटबॉटनं दिलेली रेफरन्स लिस्ट घेऊन येतात, त्यातले काही पेपर जन्मालाच आलेले नसतात. एकेकाचं टायटल पबमेडमध्ये टाकून बघायचं, तो येत नाही म्हटल्यावर पोरगं गप्प होतं.

पेशंटचे नातेवाईक पण येतात, "येन बेकू?" (काय पाहिजे?) म्हणून विचारलं की चिठ्ठी पुढं करतात, कधी कन्नडमधनं, कधी मराठीतनं, ही गोळी कशाची सांगा. मेडलाइनप्लसवरनं (साध्या माणसांसाठीची औषध-आजारांची साइट) माहिती काढून देता येते, पण डोस वाढवू का कमी करू असलं विचारलं की हात जोडून डॉक्टरकडं पाठवायचं, कितीही ओळखीचे असले तरी. आणि सरकारी पोस्टवर डोळा असेल तर नेट किंवा केसेट (कर्नाटकची राज्य पात्रता परीक्षा) आणि कन्नड, दोन्हीची तयारी आत्तापासून करा, मराठी मीडियमवाल्यांचं घोडं कन्नडमध्येच अडतं.

शेवटी वहीचं सांगते. माझ्याकडं शंभर पानी वही आहे, तारीख, कोणी काय विचारलं, कुठला सर्च टाकला, किती आले, किती कामाचे निघाले. पहिल्या पानावर तो सर्पदंशाचा सर्च आहे, लाल पेननं खोडलेला, आणि खाली दुसऱ्या दिवशी सगळे शब्द घालून परत केलेला. गाइड मॅडमनी त्याचीच झेरॉक्स नेली.