नवं हृदय सांभाळताना: बरं वाटण्यावर विसंबू नका

हृदय प्रत्यारोपणानंतर 'मला तर छान वाटतंय' या वाक्याला काहीच किंमत नसते. माझंच सांगतो: तब्येत ठणठणीत वाटत होती, जिने चढत होतो आणि बायोप्सीचा रिपोर्ट आला २आर. म्हणजे मध्यम रिजेक्शन: शरीर नवं हृदय नाकारू लागलं होतं. स्टेरॉइडचे मोठे डोस शिरेतून घेतले, निवळलं. बायोप्सीत मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून हृदयाच्या उजव्या कप्प्यातले कण काढतात. भूल मानेपुरतीच, तपासणीही पटकन उरकते. पहिल्या वर्षी ती पुनःपुन्हा होते. कंटाळा आला तरी तारीख पुढे ढकलू नका.

गोळ्या घड्याळावर घ्या. प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस बहुतेकांना बारा-बारा तासांनी असते. तिची रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी रक्त दिल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. मी ती खिशात घेऊनच लॅबमध्ये जातो. आधी घेतली तर पातळी फुगलेली दिसते आणि डॉक्टर डोस उगाच कमी करतात. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका, प्रत्यारोपणाच्या टीमला फोन करा.

दुसरं कुठलंही औषध विचारल्याशिवाय नको. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध टॅक्रोलिमसची पातळी चढवतात, क्षयावरचं रिफाम्पिसिन उतरवतं. ग्रेपफ्रूटही चढवतं. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी मूत्रपिंडावर बेतते, कारण टॅक्रोलिमसचा भार आधीच तिथे असतो. आणि प्रेमाने आणून दिलेली 'इम्युनिटी वाढवणारी' पावडर? हात जोडून परत करा. आपली प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली आहे, नाहीतर ती नव्या हृदयालाच परकं समजून त्याच्यावर तुटून पडेल.

त्या दाबण्याची किंमत म्हणजे जंतुसंसर्ग. १९६७ साली केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ज्यांच्यावर पहिलं प्रत्यारोपण केलं, ते लुई वॉशकान्स्की अठराव्या दिवशी गेले ते न्यूमोनियाने. तेव्हा हात धुणं, गर्दीत मास्क, कच्ची अंडी-मांस आणि न तापवलेलं दूध टाळणं, हे सगळं आलंच. जिवंत जंतूंच्या लशी आपल्यासाठी नाहीत; बाकीच्या कोणत्या घ्यायच्या ते टीम सांगेल. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की त्याच दिवशी फोन. स्टेरॉइड चालू असताना ताप दबलेलाही राहतो, म्हणून 'थोडीशी कणकण'सुद्धा कळवा.

रोज सकाळी वजन, रक्तदाब, नाडी वहीत लिहा. एका दिवसात वजन किलोभर वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर उद्यावर टाकू नका. छातीत दुखायची वाट तर मुळीच बघू नका: शस्त्रक्रियेत हृदयाचे मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी कळ येईलच असं नाही. त्याच कारणाने आपली नाडी बसल्या जागीसुद्धा नव्वद-शंभरच्या घरात असते आणि चालायला लागल्यावर सावकाश वाढते. व्यायामाआधी काही मिनिटं हळू चाला, संपवतानाही एकदम थांबू नका.